वर्ध्याच्या मगनवाडीत राहून बिशपांना प्रश्न विचारणारे कुमारप्पा

वर्धा म्हटलं की लोकांना सेवाग्राम आठवतं, त्याच्या पाठोपाठ विनोबांचं पवनार आठवतं. मगनवाडी मात्र पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. खरं तर गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले ते 1936 साली, आणि त्याआधी त्यांचा मुक्काम वर्धा शहरातल्या याच मगनवाडीत होता. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि त्यातलं घर देऊन टाकलं होतं. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले.

गांधीजी पुढे सेगावला गेले, पण मगनवाडी एका माणसाने धरून ठेवली. तंजावरचा तमिळ ख्रिश्चन, लंडनमध्ये शिकलेला अकाउंटंट, लग्न न केलेला, घड्याळाच्या काट्यावर चालणारा आणि चांगलाच तापट. नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

गांधीवादी अर्थतज्ज्ञ म्हणून जे. सी. कुमारप्पा थोडेफार माहीत असतात. त्यांची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. हा माणूस आयुष्यभर श्रद्धाळू ख्रिश्चन राहिला आणि चर्चच्या पुढाऱ्यांशी त्याने उघड वाद घातला. वादाचा मुद्दा असा होता, की जो लोकांना वाट दाखवतो, त्याला स्वतःला वाट कोण दाखवतं?

हा प्रश्न चर्चला नवा नाही. पाळक व्हायचं तर सेमिनरीत जावं लागतं. तिथे बायबलचा अभ्यास होतो, उपदेश कसा करायचा ते शिकवतात, उपासनेचे विधी शिकवतात. पण जुनी परंपरा सांगते की एवढ्याने पाळक घडत नाही. त्याला कुणा अनुभवी माणसाच्या सोबत राहावं लागतं, त्याचं जगणं जवळून पाहावं लागतं. नव्या करारात पौल आणि तरुण तीमथ्य यांची जोडी त्यासाठीच आठवली जाते. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकण्याची जी पद्धत होती, तिच्या जवळचंच हे.

अडचण अशी होती की इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या चर्चमधले बहुतेक वडीलधारे युरोपियन किंवा अमेरिकन असायचे. त्यांच्या हाताखाली घडलेल्या देशी माणसाने आपल्या मातीतला मार्ग कुणाकडून शिकायचा? महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हीच बोच होती. 1917 साली ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी देवाचा दरबार उभा करायला घेतला. दोन वर्षांत ते वारले, दरबार अर्धवट राहिला.

कुमारप्पांना वाट दाखवणारा माणूस चर्चच्या बाहेर भेटला.

त्यांचा जन्म 4 जानेवारी 1892 चा. घर सुशिक्षित, धर्मनिष्ठ आणि बऱ्यापैकी साहेबी. लंडनला जाऊन ते अकाउंटंट झाले. परत येऊन त्यांनी मुंबईत ऑडिटची प्रॅक्टिस थाटली. 1927 मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिराक्यूज विद्यापीठ, मग न्यूयॉर्कमधलं कोलंबिया. तिथे एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे मोठे प्राध्यापक होते. हिंदुस्थान गरीब का, या विषयावर कुमारप्पांनी एका चर्चमध्ये भाषण केलं होतं. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती सेलिग्मन यांनी वाचली आणि त्यांना याच विषयावर अभ्यास करायला लावलं. अभ्यास करता करता इंग्रज सरकार कर कुठून गोळा करतं आणि खर्च कशावर करतं याचे आकडे समोर आले. साहेबी थाटातला अकाउंटंट हलला तो या आकड्यांनी.

प्रबंध छापायचा म्हणून ते 9 मे 1929 रोजी साबरमतीला गेले. अंगात रेशमी सूट, हातात छडी. भेटीच्या वेळेला थोडा अवकाश होता, म्हणून ते आवारात फिरत होते. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. कुमारप्पा छडीला टेकून त्याच्याकडे बघत राहिले. भेटीची वेळ झाली तेव्हा त्या म्हाताऱ्यानेच त्यांना विचारलं, की कुमारप्पा ते तुम्हीच ना? तेव्हा कुठे यांच्या लक्षात आलं की हेच गांधी. मग ते इस्त्रीच्या पँटसकट तिथेच जमिनीवर बसले. कुणीतरी घरातून खुर्ची आणून दिली, पण ते उठले नाहीत.

गांधीजींनी प्रबंध वाचला होता. तो यंग इंडियात छापायचं त्यांनी कबूल केलं आणि लगेच एक काम पुढे केलं. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात मातर तालुका आहे, तिथल्या गावांची आर्थिक पाहणी करायची. कुमारप्पांना गुजराती येत नव्हती. गुजरात विद्यापीठाचे काकासाहेब कालेलकर यांनाही हा कोट-पँटवाला माणूस पहिल्या भेटीत फारसा उपयोगाचा वाटला नाही. पण गांधीजींनी ते मनावर घेतलं नाही. भाषेसाठी विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत दिले आणि कामाची सगळी जबाबदारी कुमारप्पांवर टाकली. कुमारप्पा 54 गावं फिरले. शेतकऱ्याच्या हातात वर्षाकाठी काय उरतं, याचा हिशेब त्यांनी घराघरांत बसून मांडला. कोलंबियात जे पुस्तकात होतं, ते इथे चुलीपाशी दिसलं.

गांधीजींची शिकवण्याची तऱ्हा यातच कळते. त्यांनी व्याख्यान दिलं नाही, वाचायला पुस्तकांची यादी दिली नाही आणि धर्म सोडायला तर कधीच सांगितलं नाही. माणूस ओळखायचा, त्याला झेपेल त्याहून थोडं जास्त काम द्यायचं आणि बाजूला व्हायचं. कुमारप्पांना तुम्ही कसं घडवलंत असं पुढे कुणी विचारलं, तेव्हा हा माणूस आपल्याकडे तयारच आला होता, असं गांधीजींनी सांगितल्याची आठवण आहे. ते पूर्ण खरं मानायचं कारण नाही. हिशेबातली सचोटी आणि शिस्त कुमारप्पांनी सोबत आणली होती हे खरं, पण ती कुणासाठी वापरायची हे त्यांना साबरमतीच्या त्या झाडाखाली कळलं.

1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत होत्या आणि चर्चचे बहुतेक पुढारी गप्प होते. कुमारप्पांनी ख्रिस्ती कार्यकर्ते आणि मिशनरी यांना उद्देशून जाहीर आवाहन केलं. येशूने अहिंसा शिकवली असेल, तर तिच्यासाठी मार खाणाऱ्यांच्या बाजूला ख्रिस्ती माणसाने उभं राहायला नको का, असा त्याचा रोख होता. त्या वेळी हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू होते कलकत्त्याचे फॉस वेस्टकॉट. त्यांच्याशी कुमारप्पांचा पत्रव्यवहार झाला. कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, असं वेस्टकॉट यांचं मत होतं. कुमारप्पांनी त्यांना येशूचं स्वतःचं चरित्र दाखवून उलट प्रश्न केले.

या वादात काही खऱ्या माणसांचं आयुष्य पणाला लागलं होतं. केरळचे एस. के. जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात भावी पाळकांना शिकवत होते. गांधीजींच्या चळवळीच्या बाजूने उभं राहिल्यामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पाळक घडवणाऱ्या संस्थेतच सदसद्विवेकबुद्धीला जागा नसेल, तर तिथून बाहेर पडणारे तरुण काय शिकणार, हा कुमारप्पांचा सवाल किती टोकदार होता ते यावरून दिसतं.

कुमारप्पा स्वतः तुरुंगात जाऊन आले. 1934 साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे दिला गेला. तिथला एक किस्सा गांधीवाद्यांमध्ये फार सांगितला जातो. कार्यकर्त्यांच्या जेवणाखाण्याचा रोजचा खर्च कुमारप्पांनी अगदी कमी ठरवून दिला होता. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह आले. त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, त्याची सोय तुम्ही वेगळी करा, असं कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितलं. गांधीजींनी तो नियम मान्य केला. शिष्याने गुरूलाच नियम लावला आणि गुरू त्यावर खूश झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मुख्यालय वर्ध्याला, मगनवाडीत. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू आणि कामाचा सगळा भार सचिव कुमारप्पांवर. बैलघाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ, जात्यावरचं पीठ, हातसडीचे तांदूळ असे प्रयोग सुरू झाले. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर चालणारा मगनदीप नावाचा दिवा निघाला. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते आजही वर्ध्यात आहे.

मगनवाडीत खेड्यांत जाऊन काम करणाऱ्या ग्रामसेवकांचं विद्यालयही चालायचं. कुमारप्पांची स्वतःची शिकवण्याची तऱ्हा इथे पाहायला मिळते. त्या सुरुवातीच्या दिवसांत मगनवाडीतली मंडळी शेजारच्या सिंदी गावात रस्त्याकडेची घाण उचलायला जायची. गावाला अर्थशास्त्र सांगण्याआधी गावाची घाण उचलायची, हा क्रम होता. कुमारप्पा चिडायचे, उशीर खपवून घ्यायचे नाहीत, हिशेबातला एक आणा चुकला तरी सोडायचे नाहीत. पण दुसऱ्याला जे सांगायचं ते आधी स्वतः करायचे. पुढे वर्ध्याजवळ ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं करणारे देवेंद्रकुमार गुप्ता याच मगनवाडीत तयार झाले.

या काळात चर्चचं जग वर्ध्याला येत होतं. वायएमसीएचे जगप्रसिद्ध नेते जॉन मॉट 1936 मध्ये आणि पुन्हा 1938 मध्ये सेगावला येऊन गांधीजींशी बोलले. दुसऱ्या वेळी मद्रासजवळच्या तांबरमला जगभरच्या मिशनरी नेत्यांची परिषद भरायची होती. मोठमोठे धर्मोपदेशक बैलगाडीच्या वाटेने एका झोपडीपर्यंत येत होते. त्यांच्याच धर्माचा एक माणूस तिथून काही मैलांवर घाणीच्या तेलाचा हिशेब लिहीत बसला होता.

1942 च्या आंदोलनात कुमारप्पांना पुन्हा अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक निसर्गाला धरून चालणाऱ्या टिकाऊ अर्थव्यवस्थेबद्दलचं. तेच आज जास्त वाचलं जातं. दुसरं येशूबद्दलचं होतं, आणि 1945 मध्ये अहमदाबादच्या नवजीवनने ते इंग्रजीत काढलं. त्याच्या नावातच येशूचा आचार आधी येतो आणि उपदेश नंतर. येशूने काय केलं ते आधी बघा, मग काय सांगितलं ते वाचा, असा त्याचा सूर आहे. रोजची भाकर दे अशी प्रार्थना करणाऱ्याने ती भाकर कुणाच्या घामातून आली, कुणाच्या तोंडची काढून आली, हेही विचारलं पाहिजे, असं कुमारप्पांचं म्हणणं होतं. पाळकाने फक्त रविवारी वेदीवरून बोलून चालणार नाही, हा त्याचा उघड अर्थ.

गांधीजींनी या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि देव मानणाऱ्या प्रत्येकाने, मग तो ख्रिश्चन असो वा दुसऱ्या धर्माचा, ते वाचावं अशी शिफारस केली. शिवाय कुमारप्पांना थट्टेने धर्मशास्त्राची डॉक्टरेट बहाल केली, सोबत ग्रामोद्योगाचीही. ज्यांना चर्चने कधी पाळक केलं नाही, त्यांना ही पदवी एका हिंदूकडून मिळाली.

गांधीजी गेल्यावर कुमारप्पांचं दिल्लीशी फारसं जमलं नाही. काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले, कूळ आणि जमीन यावर त्यांनी कडक शिफारशी केल्या. मग पुन्हा वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोह गावात पन्नई आश्रम काढून ते शेतीचे प्रयोग करत राहिले. प्रकृती ढासळली तसे ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले.

तिथल्या झोपडीत भिंतीवर एका गरीब खेडुताचं चित्र लावलेलं असायचं. हा कोण, असं पाहुणे विचारायचे. हे आपल्या गुरूचे गुरू, असं कुमारप्पा सांगायचे. आपले गुरू गांधीजी, आणि त्यांचा गुरू हा शेतकरी.

30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मदुराईत ते वारले.