कर्करोगाचा भूगोल मांडणारे डॉ. खानोलकर

वसईच्या पट्ट्यात एका गावातून दुसऱ्या गावात गेले की बोली बदलते, पेहराव बदलतो, ताटातले पदार्थही बदलतात. सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, वारली असे समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले; सोयरिकी मात्र बहुधा आपापल्यातच झाल्या. देशभर थोड्याफार फरकाने हेच चित्र होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना या चित्रात कर्करोगाच्या अभ्यासाची वाट दिसली.

मूळ गोमंतकातल्या कुटुंबात, क्वेट्टा येथे १३ एप्रिल १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी १९२३ मध्ये मिळवून ते मुंबईत आले आणि ग्रँट व सेठ जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. परळला १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग हा मुख्यत्वे पाश्चात्त्यांचा रोग, असा समज त्या काळी रूढ होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी काही निराळेच सांगत होत्या.

खानोलकरांचे वेगळेपण असे, की पेशी पाहून ते थांबले नाहीत; रुग्ण कोठला, काय खातो, काय नेसतो, हेही त्यांनी विचारले. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित तीन नवे कर्करोग नोंदवले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती. तेथे रोग टाळूवर दिसे. बिहारात चुना-तंबाखूची खैनी खालच्या ओठामागे दाबून ठेवत. तेथे ओठ बाधित होई. तिसरा कर्करोग कमरेवरचा. घट्ट नेसलेल्या धोतराचे वर्षानुवर्षे होणारे घर्षण त्याच्या मुळाशी होते. देह तोच, पण परिसर आणि सवय बदलली की रोगाची जागा बदलते, हा त्यातला बोध साधा वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता.

मग दोष सवयीचा की रक्ताचा? हा प्रश्न सोडवायला आपापल्यातच विवाह करणारे समाज म्हणजे निसर्गाने आयती मांडून ठेवलेली तुलनाच होती. एल. डी. संघवी यांच्यासमवेत खानोलकरांनी मुंबईतील अशा सहा समाजांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या कामांत त्याची गणना होते. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू खाणाऱ्यांचे आणि ओढणाऱ्यांचे कर्करोग वेगवेगळे तपासले. खाणाऱ्यांत मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, ओढणाऱ्यांत मागे घशाकडे, असा भेद दिसला. बापजाद्यांकडून आलेले बदलता येत नाही, पण तंबाखू सोडता येते. म्हणून हा भेद रुग्णांच्या दृष्टीने मोलाचा होता.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या हाताखाली घडल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

त्यांच्या हयातीतच, १९७६ मध्ये, अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी अर्बुदाच्या आतही उत्क्रांती चालते, असे मांडले. फवारणीतून वाचलेली कीड पुढे शेतभर पसरते, हे वसईच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी अर्बुदात तशाच मागे उरतात आणि वाढतात. खानोलकरांनी हा सिद्धान्त मांडला नव्हता. त्यांची नजर पेशीबाहेरच्या परिसरावर होती, आणि रोग होण्याआधीच तो टाळण्याची शक्यता तेथेच अधिक होती.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. परकराच्या घट्ट नाडीमुळे कमरेवर झालेल्या कर्करोगाची नोंद वर्ध्याच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, ती २०२४ मध्ये.