विष्णुपंत पागनीस

मुलांनो, आपले लोधिवली गाव मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या टोकाला पुणे. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत एक गायक मुलांना संगीत शिकवीत असे. पुण्याच्या एका चित्रपट कंपनीने त्याला आपल्या चित्रपटात मुख्य भूमिका दिली आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले. त्या गायकाचे नाव विष्णुपंत पागनीस. आज त्यांची ओळख करून घेऊ.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ साली झाला. त्या काळी सिनेमा नव्हता, रेडिओ नव्हता. लोकांची मोठी करमणूक म्हणजे संगीत नाटक. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि नाटके रात्र रात्र चालत. चांगले गाणे ऐकायला मिळावे म्हणून लोक बैलगाड्या जुंपून दूरदूरच्या गावांहून येत. ज्याचा गळा गोड, तो नट लोकांचा लाडका होई. विष्णुपंतांचा गळा गोड होता. ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत काम करू लागले.

त्या काळी स्त्रिया नाटकात काम करीत नसत. म्हणून पुरुषच लुगडे नेसून, दागिने घालून स्त्रियांच्या भूमिका करीत. बालगंधर्व अशाच भूमिकांमुळे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. विष्णुपंतही स्त्रीभूमिका करीत. या कामासाठी फार सराव लागे. हळू चालायचे, नजर खाली ठेवायची, हातांची हालचाल नाजूक ठेवायची आणि आवाजात मार्दव आणायचे. वर्षानुवर्षे हे करता करता त्या सवयी अंगात मुरत. पुढे याच सवयींवरून मोठा वाद झाला, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

नंतर काळ बदलला. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट आला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. लोकांना गाणी पडद्यावरच ऐकू येऊ लागली. नाटकगृहे ओस पडली आणि अनेक मंडळ्या बंद झाल्या. ज्यांनी सारे आयुष्य नाटकात घालवले होते, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. विष्णुपंतांनी गाणे मात्र सोडले नाही. ते मुंबईच्या एका शाळेत संगीत शिकवीत आणि भजने गात. त्यांच्या भजनात भक्तिभाव असे.

आता पुण्याकडे वळू. १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' सुरू झाली. पुढे ती पुण्याला आली. तिच्या भागीदारांत विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल हे दोन जिवलग मित्र होते. दामले हे आपल्या शेजारच्या पेण तालुक्याचे. खोपोलीहून एक रस्ता पेणला जातो, तो तुम्हांला ठाऊक असेलच. दामले ध्वनिमुद्रणातले जाणकार होते. फत्तेलाल हे मुसलमान कारागीर घराण्यातले, उत्तम चित्रकार. कंपनीतले लोक त्यांना प्रेमाने साहेबमामा म्हणत. या दोघांनी मिळून संत तुकारामांच्या जीवनावर चित्रपट काढायचे ठरवले.

संत तुकाराम सतराव्या शतकात पुण्याजवळच्या देहू गावी होऊन गेले. ते धंद्याने वाणी होते, पण त्यांचे मन दुकानात रमत नसे. ते अभंग रचीत. अभंग म्हणजे टाळ-मृदंगाच्या साथीने गायचे साधे, सोपे भक्तिगीत. त्यांचे अभंग आजही महाराष्ट्रात घरोघरी म्हटले जातात. अशा संताची भूमिका कोणी करावी? तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. बहुतेक चित्रपटांत नटालाच स्वतः गावे लागे. म्हणून नट हवा होता तो गाणारा, आणि तोही मनापासून भजन गाणारा. दामले-फत्तेलालांनी पागनीसांची निवड केली.

ही निवड सर्वांना पटली नाही. कंपनीचे एक भागीदार आणि नामवंत दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा तिला विरोध होता. त्यांची शंका अशी, की ज्याच्या चालण्याबोलण्यात स्त्रीभूमिकांच्या सवयी मुरल्या आहेत, तो तुकाराम कसा शोभेल? शंका अगदीच चुकीची नव्हती. त्याआधी वर्षभर, १९३५ साली, प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात खुद्द बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली होती. एवढे मोठे नाव असूनही त्या चित्रपटाला अपेक्षेइतके यश मिळाले नव्हते. मग पागनीसांचे काय होणार? पण दामले आणि फत्तेलाल आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

आणि मुलांनो, नवल असे घडले, की ज्याला लोक उणीव समजत होते तेच पागनीसांचे बळ ठरले. तुकाराम हे तलवार गाजवणारे वीर नव्हते. कोणी अपमान केला तरी ते रागावत नसत. त्यांच्या अंगी नम्रता होती, दया होती. पागनीसांची खाली झुकलेली नजर, हळुवार चाल आणि मृदू बोलणे या भूमिकेला शोभून दिसले. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. सिनेमात कॅमेरा आणि मायक्रोफोन जवळच असतात. तेथे हळू बोललेले आणि हळू गायलेलेही मनाला भिडते. पागनीस नटाचा आव न आणता गायले.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला. तो तेथे सलग ५७ आठवडे चालला. म्हणजे एक वर्षाहून अधिक काळ! १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची गणना त्या वर्षीच्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत झाली. परदेशात एखाद्या भारतीय चित्रपटाचा असा गौरव होणे ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

हे यश एकट्या पागनीसांचे नव्हते. पटकथा शिवराम वाशीकरांनी लिहिली होती आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. तुकारामांच्या पत्नीची भूमिका गौरी या नटीने केली. गौरी पूर्वी कंपनीत किरकोळ कामे करीत. घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर चिडणारी, पण त्याच्यावर जीव लावणारी बायको त्यांनी हुबेहूब उभी केली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी एक नवे पद रचले. ते इतके साधे होते आणि पागनीसांनी ते इतक्या भावाने गायले, की ते तुकारामांचाच अभंग आहे असे अनेकांना वाटले.

तुकारामांच्या काळी छायाचित्रे नव्हती. त्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर पागनीसांचाच चेहरा तुकाराम म्हणून ठसला. त्यांचे भूमिकेतले चित्र लोकांनी घरात लावले. नटाला एवढा मान मिळाला, की त्याला गर्व होण्याची भीती असते. पण पागनीसांनी वेगळेच केले. काम पूर्ण झाल्यावर ते देहूला गेले आणि संतांच्या मंदिरात त्यांनी डोके टेकवले. मिळालेला मान ज्याचा होता, त्याच्या पायाशी त्यांनी नेऊन ठेवला.

पुढे त्यांनी 'संत तुलसीदास' (१९३९) आणि 'नरसी भगत' (१९४०) या चित्रपटांतही संतांच्या भूमिका केल्या. १९४३ साली त्यांचे निधन झाले. 'प्रभात'ही पुढे बंद पडली. पुण्यातील तिच्या जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. पुण्याला गेलात तर ती जागा जरूर पाहा.

मुलांनो, पागनीसांचे नाव झाले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. तोवर त्यांच्या तारुण्यातले नाटक मागे पडले होते आणि त्या नाटकाने शिकवलेल्या सवयींना लोक नावे ठेवीत होते. त्यांनी त्या विद्येचा तिरस्कार केला नाही. मुलांना सा रे ग म शिकवतानाही ते रोज गातच राहिले. संधी दारात आली तेव्हा त्यांचा गळा तयार होता. तुमच्यापैकी कोणी आज सुतारकाम शिकत असेल, कोणी सुंदर अक्षर काढत असेल, कोणी नात म्हणत असेल. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर लगेच देता आले नाही तरी चालेल. रोजचा सराव मात्र चुकवू नका.