तलाठ्याची नोकरी सोडली आणि इंग्रजांच्या नाकावर टिच्चून साताऱ्यात लोकांचं सरकार उभं केलं : क्रांतिसिंह नाना पाटील

सरकार म्हणजे नेमकं काय? दिल्लीची संसद, मुंबईचं मंत्रालय हे झालं पुस्तकी उत्तर. खेड्यातल्या माणसाला सरकार भेटतं ते तलाठ्याच्या दप्तरात, कोर्टाच्या तारखेत, पोलिसाच्या काठीत आणि रेशनच्या दुकानात.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत या चारही ठिकाणी इंग्रजांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. तिथं शब्द चालायचा प्रतिसरकारचा. आणि लोकांच्या लेखी या सरकारचा चेहरा होता एक माजी तलाठी. क्रांतिसिंह नाना पाटील.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं साताऱ्याचं प्रतिसरकार म्हटलं की त्यात आजचे दोन्ही जिल्हे आले.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. मूळ आडनाव पिसाळ, पण घराण्याकडं पाटीलकी असल्यानं पाटील हेच नाव रूढ झालं. धिप्पाड शरीर, खणखणीत आवाज. शिक्षण झालं आणि तलाठ्याची नोकरी लागली. त्या काळात गावाकडच्या पोरासाठी ही मोठीच गोष्ट होती.

पण याच नोकरीत त्यांना सरकार आतून दिसलं. शेतसारा कसा वसूल होतो, पीक बुडालं की शेतकरी सावकाराच्या दारात कसा जातो, आणि आज गहाण पडलेली जमीन उद्या कागदोपत्री दुसऱ्याची कशी होते, हे सगळं रोज डोळ्यांसमोर घडत होतं. सातारा हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला. तो विचार नानांपर्यंत पोचलेलाच होता. १९३० ला गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला आणि नानांनी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली.

पुढची दहा-बारा वर्षं तुरुंगाच्या आत-बाहेर करण्यात गेली. बाहेर असले की गावोगाव सभा. त्यांचं भाषण म्हणजे शहरी वक्त्यांसारखं छापील नाही. शेतातली, बैलांची, जत्रेतली उदाहरणं आणि अस्सल वाळव्याकडची बोली. अक्षर ओळख नसलेल्या माणसालाही स्वराज्य म्हणजे काय ते कळायचं.

मग आलं १९४२.

ऑगस्टमध्ये चले जावची हाक दिली गेली आणि मोठे नेते तुरुंगात गेले. साताऱ्यात लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे न्यायला सुरुवात केली. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा यशस्वी झाला. पण ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. निःशस्त्र मोर्चांचं असं उत्तर मिळाल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. नानाही त्यात होते.

आता इथं ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, संबंध येतो.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. वेगळा झाल्यावरही तिथून दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त तांदूळ इकडं यायचा. मार्च १९४२ मध्ये जपाननं रंगून घेतलं आणि ही आवक बंद झाली. साताऱ्याचा माणूस ज्वारी-बाजरी खाणारा, त्याचं काय अडलं? पण बाजार असा चालत नाही. एक धान्य तुटलं की बाकीच्यांवर ताण येतो. त्यात युद्धासाठी सरकारची खरेदी आणि वाढती महागाई. धान्य, कापड, रॉकेल सगळ्याची टंचाई झाली. व्यापाऱ्यांनी माल दडवला आणि काळाबाजार जोरात सुरू झाला.

दुसरीकडं पोलीस भूमिगतांच्या मागं लागलेले. त्याचा फायदा दरोडेखोरांनी उचलला. क्रांतिकारकांचं नाव सांगून काही टोळ्या गावं लुटायला लागल्या. म्हणजे गावाला सुरक्षा नाही, न्याय नाही आणि दुकानात माल नाही. सरकारची जागा रिकामी होती. १९४३ च्या मध्यावर ती प्रतिसरकारनं भरायला घेतली.

हे सरकार चालायचं कसं?

जिल्ह्यात भूमिगतांचे गट होते. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि नाथाजी लाड, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, तिकडं वाई भागात किसन वीर, शिवाय पांडू मास्तर आणि असे कितीतरी. रोजचा कारभार हे गट बघायचे. नाना सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारे आणि लोकांचा विश्वास मिळवून देणारे. बंदोबस्तासाठी तुफान सेना उभी केली. शेतकऱ्यांच्या पोरांना तिथं कवायत आणि शस्त्रांचं शिक्षण मिळायचं.

सगळ्यात पहिल्यांदा दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला. त्यामुळं लोकांचा विश्वास बसला आणि मग तक्रारी यायला लागल्या. बांधाचं भांडण, बुडवलेलं कर्ज, चोरी, नवऱ्यानं टाकलेली बाई. तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालणारा दावा इथं गावकऱ्यांसमोर, साक्षीदार ऐकून निकाली निघायचा. वकिलाची फी नाही की स्टॅम्पचा खर्च नाही. सावकारांना गहाणाचे कागद परत करायला लावले. दडवलेला माल बाहेर काढून लोकांना वाटला. दारूबंदी केली.

यात एक गोष्ट वरवर साधी वाटते, ती म्हणजे गांधी विवाह. हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. थोडक्यात लग्न. शेतकरी सावकाराच्या दारात जायचा तो बऱ्याचदा पोरीच्या लग्नासाठीच. लग्न स्वस्त झालं तर कर्ज टळतं आणि कर्ज टळलं तर जमीन वाचते. १९४५ मध्ये खुद्द जी. डी. बापूंनीही कुंडलमध्ये याच पद्धतीनं लग्न केलं.

आता सरकार म्हटलं की पैसा लागणार. ७ जून १९४३ ला कराडजवळ शेणोलीला पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. त्यात साधारण साडेपाच लाख रुपये हाती लागले.

पत्री सरकार हे नाव यातूनच आलं. खबरे, गुंड आणि काळाबाजारवाल्यांच्या तळपायावर काठीचे फटके दिले जायचे. बैलाला पत्री ठोकतात तशी पायाला पत्री मारतात, अशी बोलवा झाली आणि प्रतीचं पत्री झालं. या नावाचीच जरब बसायची. पण हाच या सरकारचा वादाचा भागही आहे. शिक्षा कठोर होती आणि वर दाद मागायला दुसरं कोर्ट नव्हतं. निकाल चुकला तर त्याला इलाज काय, या प्रश्नाचं उत्तर त्या घाईच्या काळात नव्हतं.

एवढं सगळं करून नाना सापडले कसे नाहीत?

एक कारण भूगोलाचं. या भागात ब्रिटिश हद्द आणि संस्थानांच्या हद्दी एकमेकांत मिसळलेल्या होत्या. कुंडल औंध संस्थानात होतं आणि औंधच्या राजांनी १९३९ लाच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. एका हद्दीत पोलीस आले की दुसऱ्या हद्दीत जायचं. पण खरं कारण म्हणजे लोक. भाकरी द्यायची, आसरा द्यायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हे गावांनी पाळलं.

याची किंमत घरानं मोजली. सरकारनं नानांचं घर आणि जमीन जप्त केली. आई आणि मुलगी हौसाताई यांचे हाल झाले. याच हौसाताई पुढं स्वतः चळवळीत उतरल्या.

१९४६ ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांसमोर आले. प्रतिसरकारचं काम थांबलं.

इथून पुढं नानांना सत्तेत मोठं पद मिळायला हरकत नव्हती. पण त्यांनी वेगळी वाट धरली. शेतकऱ्याच्या प्रश्नावर काँग्रेसशी पटलं नाही म्हणून ते शेतकरी कामगार पक्षात गेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुढं होते. १९५७ ला ते साताऱ्यातून खासदार झाले, १९६७ ला थेट बीडमधून. दिल्लीत गेल्यावरही लोकसभेत ते मराठीतच बोलले.

६ डिसेंबर १९७६ ला मिरजेत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणं वाळव्यात झाले.

प्रतिसरकार जेमतेम तीन वर्षं चाललं. त्याच्याकडं ना छापखान्यातल्या नोटा होत्या ना सचिवालय. पण तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जायचं आणि निकाल लागायचा. साताऱ्याच्या शेतकऱ्यानं जीव धोक्यात घालून ते सरकार आपलं मानलं ते एवढ्यासाठीच. सारा भरणाऱ्या माणसाला सरकारकडून नेमकं काय हवं असतं, हे ओळखायला बहुतेक एक तलाठीच लागला.