४२.३४ मीटरवरचा आवाज

ऑगस्ट १९४२. गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसचे सारे नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री, रेडिओ सरकारचा. देशात काय चालले आहे, हे देशालाच कळू नये, असा तो बंदोबस्त होता. त्याला छेद देणारा एक आवाज २७ ऑगस्ट रोजी चौपाटीवरील एका इमारतीतून उमटला. अवघ्या बावीस वर्षांच्या उषा मेहता यांचा तो आवाज होता.

२५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी उषाबेन यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेत न्यायाधीश. पाच वर्षांच्या असताना त्यांनी अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना प्रथम पाहिले आणि आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला. वडिलांच्या निवृत्तीनंतर १९३२मध्ये हे कुटुंब मुंबईत स्थायिक झाले. १९३९मध्ये विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या होत्या. पण बेचाळीसच्या आंदोलनाने तो अभ्यास थांबवला.

बाबुभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी गुप्त रेडिओ केंद्र उभारण्याचे ठरवले. इच्छा होती, यंत्र नव्हते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द करून त्यांना आपले प्रक्षेपक जमा करण्यास फर्मावले होते. अशाच हौशी चालकांपैकी एक असलेल्या नरिमन प्रिंटर यांनी उरल्यासुरल्या सुट्या भागांतून प्रक्षेपक जुळवून दिला. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने यांचीही साधने आणि तंत्रज्ञांच्या रूपाने मदत झाली. केंद्राची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. जगभरचे हौशी चालक ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात, त्याच्या आतच ही जागा येते.

हे प्रसारण बिनतारी तारायंत्राच्या कटकटीचे नव्हते, ते मानवी आवाजाचे होते. तरीही प्रत्येक हौशी चालकाला सतावणारे दोन प्रश्न येथेही होतेच. प्रक्षेपक कधी आणि किती वेळ चालू ठेवायचा आणि त्यात शक्ती किती ओतायची? हौशी माणसाला त्याचे उत्तर चुकले तर संवाद तुटतो. येथे चुकले तर तुरुंग होता.

शक्ती वाढवली की आवाज दूर जातो, हे खरे. पण हिशेब सरळ नाही. पॉवर अॅम्प्लिफायरची शक्ती चौपट केली, तरी दूरवर पोचणाऱ्या लहरीची तीव्रता फक्त दुप्पट होते. त्यासाठी मोठे व्हॉल्व्ह, जड ट्रान्सफॉर्मर आणि विजेचा अधिक भार लागतो. शिवाय असे जड धूड एका घरातून दुसऱ्या घरात गुपचूप हलवणे कठीण. आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या या लहरी रात्र पडू लागली की थोड्या शक्तीतही शेकडो किलोमीटर मजल मारतात. पुढे सायंकाळी साडेसात ते साडेआठ ही प्रसारणाची वेळ ठरली, ती श्रोत्यांच्याच नव्हे, तर लहरींच्याही सोयीची होती.

वेळेचा प्रश्न अधिक जिवावरचा. प्रक्षेपक चालू असेपर्यंत, कोणी बोलत नसले तरी, वाहक लहर बाहेर पडतच असते. दिशाशोधक यंत्राने तिची दिशा एका ठिकाणाहून घेतली, मग दुसऱ्या ठिकाणाहून घेतली, की त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे केंद्र सापडते. पोलिसांच्या गाड्या अशी यंत्रे घेऊन मुंबईत फिरत होत्या. सरकारी रेडिओ या प्रसारणावर गोंगाट सोडून ते बुजवण्याचा प्रयत्न करीत होता. म्हणून वेळ आखडती ठेवायची आणि जागा बदलत राहायची. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी, गिरगाव असा त्या यंत्राचा प्रवास झाला. पुढे ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रसारणाची जागाही वेगळी केली गेली.

'हिंदुस्ताँ हमारा'ने सुरू होऊन 'वंदे मातरम्'ने संपणाऱ्या या कार्यक्रमात हिंदुस्तानी आणि इंग्रजीतून बातम्या व भाषणे होत. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचे मार्गदर्शन त्यास लाभले. जमशेदपूरचा संप, चितगाववरील बॉम्बहल्ला, विदर्भातील चिमूर-आष्टीचे अत्याचार अशा, वृत्तपत्रे छापू शकत नसलेल्या घटना लोकांना येथूनच कळल्या.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे सारे संपले. दिशाशोधक यंत्राला जे जमले नाही, ते माणसाकडून झाले. पोलिसांच्या हाती लागलेल्या प्रिंटर यांच्याकडून ठिकाण फुटले. धोक्याची कुणकुण लागूनही उषाबेन गिरगावातील पारेखवाडीत गेल्या आणि त्यांनी कार्यक्रम सुरू केला. पोलिस दारावर धडकले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजत होती. जेमतेम तीन महिने हे केंद्र चालले.

त्यानंतर त्यांनी मौन हेच शस्त्र केले. सहा महिन्यांच्या चौकशीत, एकांतवासात आणि परदेशी शिक्षणाच्या आमिषापुढेही त्या काही बोलल्या नाहीत. खास न्यायालयाने खाखर यांना पाच, उषाबेन यांना चार, तर चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली. १९४६मध्ये सुटका झाली, पण पुढच्या वर्षी स्वातंत्र्याचा सोहळा आला तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

पुढे गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, विल्सन महाविद्यालयात तीस वर्षे अध्यापन केले आणि विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळून १९८०मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्या अविवाहित राहिल्या, खादी कधी सोडली नाही आणि मणिभवनाशी जोडलेले नाते अखेरपर्यंत जपले. १९९८मध्ये त्यांना 'पद्मविभूषण' मिळाले.

९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमासाठी त्याच मैदानावर हजर होत्या. आता त्याचे नाव ऑगस्ट क्रांती मैदान असे झाले होते. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. कधी बोलायचे, किती बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, हे नेमके उमजलेल्या या बाईंच्या आवाजाने मुंबईच्या आकाशात जो ठसा उमटवला, तो कोणत्याही गोंगाटाला बुजवता आला नाही.