रेव्ह. नारायण वामन टिळक : लहान कृतींनी घडलेले एक जीवन

'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो आणि ज्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही भक्तिभावाने गायिली जातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक घडले ते आपल्या नाशिक नगरीत. त्यांच्या काव्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांचे चरित्र वाचताना आणखी एक गोष्ट मनावर ठसते. या थोर जीवनाला जी वळणे मिळाली, ती बहुधा कोणा सामान्य माणसाच्या अगदी साध्या कृतीमुळे मिळाली.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई यांच्याकडून त्यांना कवितेची गोडी लाभली. वडील वामनराव मात्र अत्यंत कडक स्वभावाचे होते. १८७३ साली आईचे छत्र हरपले आणि अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या नारायणाने घर सोडले. तो नाशिकला आला. गोदातीरावरील या तीर्थक्षेत्रात येणाऱ्या अशा निराधार मुलांची कोण दखल घेणार? परंतु विद्वान वेदाभ्यासक गणेशशास्त्री लेले यांनी त्याला आपला शिष्य करून घेतले आणि संस्कृत काव्याचे दालन त्याच्यापुढे उघडले. शास्त्रीबुवांच्या दृष्टीने तो नित्याचाच विद्यादानाचा भाग असेल. त्या पोरक्या मुलाच्या ओंजळीत मात्र आयुष्यभराची शिदोरी पडली. पुढे याच नगरीत त्यांनी इंग्रजी शिक्षणही घेतले.

१८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा इतका अतिरेक होता की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. एका माणसाच्या अशा रोजच्या हट्टापायी सारे घर कसे पोळून निघते, याचा अनुभव त्यांनी बालपणीच घेतला.

संस्कृतच्या ज्ञानामुळे टिळकांना नागपूर येथे श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम मिळाले. पुढे १८९३ साली नव्या नोकरीच्या शोधात ते रेल्वेने राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. डब्यात एक परदेशी ख्रिस्ती गृहस्थ बसले होते. एतद्देशीय प्रवाशाला गोऱ्या माणसाकडून अपमान सोसावा लागणे त्या काळी नवलाचे नव्हते. या गृहस्थांनी मात्र आदराने टिळकांना बसण्यास जागा करून दिली. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या. तेथून संभाषण धर्माकडे वळले. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि ती वाचण्याचे वचन घेतले.

दिलेला शब्द पाळायचा एवढ्याच हेतूने टिळक वाचू लागले. प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची झळ मात्र लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी चार-पाच वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढली. आपल्या कृतीचे पडसाद आपल्या जिवलगांच्या आयुष्यात किती खोलवर उमटतात, याचे हे दुसरे, वेदनामय दर्शन होय. टिळकांनी पत्नीशी असलेला स्नेहाचा धागा तुटू दिला नाही. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगर येथे त्यांच्याकडे परतल्या, परंतु आपल्या धर्मावर ठाम राहूनच. पुढे विचार करता करता त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला, त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

स्वतःला जे मिळाले ते टिळक पुढे देत राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाची प्रतिभा सर्वांच्या लक्षात आली. पुढे टिळकांनी त्यांना आपल्या घरी आणले, त्यांच्या कवितेची निगा राखली. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागविले. तेथे धर्मांतराची अट नव्हती. हेच ते 'बालकवी'. नाशिकमध्ये निराधार मुलाला मिळालेला आधार असा दुसऱ्या एका तरुणापर्यंत पोहोचला.

तीच गोष्ट लक्ष्मीबाईंची. संसाराच्या धबडग्यात टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली होती. जोडाक्षरांशी त्यांची झटापट पुढेही चालूच राहिली! ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूच्या चरणी विलीन झाले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे केवळ १० अध्याय पूर्ण झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्णत्वास नेले. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांनी आईला आठवणी लिहून देण्याची विनंती केली. त्या साध्या विनंतीतून 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ आकारास आला आणि मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी जाऊन बसला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी नाशिक येथेच इहलोकीची यात्रा संपविली.

एका शास्त्रीबुवांनी शिकविलेला पाठ, एका प्रवाशाने करून दिलेली जागा, पतीने पत्नीला गिरवून दिलेली अक्षरे, मुलाने आईला केलेली विनंती. यांपैकी कोणतीही कृती करण्यास धन लागत नाही की अधिकार लागत नाही. मोहरीचा दाणा पेरणाऱ्याला त्याच्या फांद्यांवर वस्ती करणारी पाखरे त्या क्षणी दिसत नसतात. आजही शिक्षणासाठी, पोटापाण्यासाठी किती तरी मुले नाशिकमध्ये एकटी उतरतात. त्यांपैकी कोणाच्या आयुष्यात आपला एखादा गोड शब्द काय घडवील, हे आपणांस कळणारही नाही. परंतु तो शब्द उच्चारणे, थोडे सरकून जागा करून देणे, एवढे तर आपल्या हाती निश्चितच आहे.