कांस गवतातून काटक ऊस घडवणारे सर व्यंकटरामन

जालना : अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांत गोदाकाठी आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस उभा दिसतो. पावसाने दडी मारली, विहिरींनी तळ गाठला की मात्र एकच चिंता असते : ऊस तग धरेल का? उसाला काटक करण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हाती घेतलं, ते तिरुवादी सांबशिव व्यंकटरामन.

जन्म १८८४ चा, मद्रास प्रांतातला. शिक्षण संपल्यावर ते शेती खात्यात लागले. १९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे डॉ. बार्बर यांच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं आणि १९१९ मध्ये केंद्राची सूत्रं त्यांच्याकडे आली.

कोईमतूरच का? तिथे उसाला भरपूर तुरा येतो आणि बी धरतं. आपल्याकडे तुरा आला की शेतकऱ्याला वजन आणि उतारा घटण्याची धास्ती. नवा वाण काढणाऱ्याचं मात्र तुऱ्याशिवाय चालत नाही, कारण बेण्याच्या कांडीतून जुनाच ऊस पुन्हा उगवतो.

त्या काळी जाड, रसाळ ऊस नाजूक होता. दुसरीकडे नदीकाठचं, पांढऱ्या तुऱ्यांचं कांस गवत कोरडं पडलं काय, पाण्यात बुडालं काय, हटत नव्हतं. त्यात गोडी जवळपास नव्हतीच. या दोघांच्या संकरातून १९१८ मध्ये 'को २०५' बाहेर पडला आणि पंजाबच्या शेतांत रुजला. 'को' म्हणजे कोईमतूर.

पुढे त्यांच्याच काळातल्या 'को ४१९' ने दख्खनमधल्या पुंड्या उसाची जागा घेतली. ऊस लवकर तयार व्हावा म्हणून त्यांनी ज्वारीशीही संकर करून पाहिला, पण तो शेतापर्यंत पोचला नाही.

१९४२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी 'सर' किताब, १९५६ मध्ये पद्मभूषण. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्या शिवारातला 'को ८६०३२' असो की पाडेगावचा 'फुले २६५', दोन्हींत कांसाचा अंश आहे. त्याच्या बळावर ऊस पाण्याचा ताण काही दिवस सोसतो, पण उसाची तहान संपत नाही. २०१२ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना जालन्याने पाहिल्या आहेत. म्हणून वाण काटक निवडावाच, पण लागण करण्याआधी विहिरीत उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं पाणी आहे का, तेही पाहावं.