पाटीलबाबांची मांड

पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी मराठी फौज मोडली आणि जो तो वाट फुटेल तिकडे निघाला. त्यात तिशीच्या आसपासचे महादजी शिंदे होते, आपल्या दक्षिणी घोडीवर. एक अफगाण स्वार मोठ्या, जड घोड्यावरून त्यांच्या मागे लागला. घोडीने पुष्कळ अंतर काढले, पण तो पाठ सोडीना. शेवटी घोडी एका खड्ड्यात पडली. अफगाणाने महादजींच्या गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचे लुटले आणि त्यांना तसेच टाकून तो निघून गेला.

ही हकीकत जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानवरच्या आपल्या 1823 सालच्या ग्रंथात दिली आहे. हा माल्कम 1783 साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, कंपनीच्या फौजेत भरती व्हायला उतरला तेव्हा चौदा वर्षांचाही नव्हता. आपल्या आठवीतल्या कॅडेटएवढा!

मी महादजींबद्दल वाचले तेही चेन्नईतच. वडिलांची बदली तिथे होती आणि माझ्या गुडघ्याचे ऑपरेशनही तिथेच झाले. बरेच महिने घोडा बंद होता. फिजिओथेरपीला जाताना वाटेत सर थॉमस मन्रोचा घोड्यावरचा पुतळा लागायचा. चॅन्ट्री नावाच्या शिल्पकाराचे काम, पण त्याला रिकीब नाही. लोक त्यावर हसतात. मला मात्र त्याचे गुडघे दिसायचे. रिकीब नसली की सगळा तोल मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. खरे तर रिकीब असली तरी मांड तिथेच धरायची असते. परत खोगिरावर बसलो तेव्हा हे नीट कळले. एका बाजूची पकड ढिली पडली की आपल्या आधी घोड्याला कळते.

मला भूल होती, टाके होते, रोज व्यायाम करून घेणारे लोक होते. भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगाने उघडपणे पाहिली ती 1846 साली. महादजींच्या वाट्याला आला राणेखान नावाचा एक भिस्ती, म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. त्याने त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. फुटलेला गुडघा घेऊन बैलाच्या पाठीवरचा तो प्रवास कसा झाला असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला.

घरी परत येऊन तरी काय उरले होते? थोरले भाऊ जयाप्पा 1755 मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. पुतण्या जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. एवढे होऊनही सरदारी आपोआप महादजींकडे आली नाही. घरातलेच वाद चालू राहिले आणि ती त्यांच्या हाती यायला 1768 साल उजाडले. आमच्या पुस्तकात ही सात वर्षे एका ओळीत संपतात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड वर्षे तीच असावीत. अधू पायाचा माणूस पुन्हा मोहिमांवर जात राहिला आणि पानिपताला दहा वर्षे झाली तेव्हा, 1771 मध्ये, मराठे दिल्लीत होते. पुढच्या जानेवारीत बादशहा शाह आलम राजधानीत परतला तो महादजींच्या बळावर.

नंतरचे बहुतेकांना माहीत आहे: 1779 चे वडगाव, 1782 चा सालबाईचा तह, 1784 मध्ये मिळालेले वकील-इ-मुतलक हे पद. कमी माहीत असते ते द बॉयन्यचे. हा सॅव्हॉयचा माणूस आधी मद्रासच्या पायदळात एन्साइन होता. मद्रासची नोकरी सोडून तो उत्तरेत आला आणि महादजींनी त्याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. 1790 मध्ये पाटण आणि मेडता या दोन्ही लढाया त्या पलटणींनी जिंकून दिल्या. घोडदळात वाढलेल्या सरदाराने पायदळावर आणि तोफांवर एवढा विश्वास टाकावा, हे मला त्यांच्या शौर्याहून मोठे वाटते.

माल्कमच्या काळच्या लोकांत आणखी एक आठवण होती. तो अफगाण महादजींना पुढे कितीतरी वर्षे स्वप्नात दिसत असे, त्याच जड घोड्यावर, पाठलाग करताना. म्हणजे दिल्लीत ज्यांचा शब्द चाले, ते रात्री पुन्हा त्या घोडीवर असत.

राणेखानला त्यांनी भाऊ मानले. लोक त्याला राणेखानभाई म्हणू लागले. 1788 मध्ये शाह आलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिरविरुद्ध फौज गेली, तिच्या पुढे तोच होता. महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांची छत्री तिथे आहे.